चिलटाच्या शृंगिकेतली गंधबंधक प्रथिनं खरंच वास 'वाहून' नेतात का?

सोनटक्का (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

कीटकांच्या घ्राणेंद्रियावरचं कुठलंही पुस्तक उघडा, एक चित्र हमखास सापडतं. शृंगिकेवरचा (कीटकाच्या मिशीवरचा) संवेदी केस, त्याच्या भिंतीला सूक्ष्म छिद्रं, आत पाणीदार लसिका, आणि त्या लसिकेत एक गोलसर प्रथिन गंधरेणूला पाठुंगळी घेऊन चेतापेशीच्या दाराशी सोडायला निघालेलं. हे गंधबंधक प्रथिन, म्हणजे ओबीपी. युक्तिवाद सरळ आहे: बहुतेक गंधरेणू तेलकट, लसिका पाण्याची, तेव्हा मधलं पाणी ओलांडायला हमाल हवाच.

पहिलं ओबीपी १९८१ साली अँथेरिया पॉलिफेमस या पतंगाच्या नराच्या शृंगिकेत सापडलं. (आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडचा टसरचा पतंग याच अँथेरिया कुळीतला.) चिलटात, म्हणजे ड्रोसोफिला मेलानोगास्टरमध्ये, या कुटुंबाची सुमारे ५० जनुकं आहेत. प्रथिन लहानसं, साधारण १४ किलोडाल्टन. बनवतात चेतापेशीभोवतीच्या साहाय्यक पेशी, आणि ओततात लसिकेत. शृंगिकेत सर्वाधिक प्रमाणात बनणाऱ्या आरएनएंमध्ये ओबीपींचे आरएनए असतात.

पण २०१६ साली ओबीपी२८ए हे जनुक काढून टाकलेली माशी तपासली गेली. शृंगिकेवरच्या एबी८ या केसात मुबलक असणारं ओबीपी हे एवढंच. म्हणजे हमालच गेला. प्रतिसाद कमी व्हायला हवा होता, उलट थोडा वाढला. २०१९ मध्ये बेसिकॉनिक केसांतली मुबलक ओबीपी एकत्र काढून पाहिली, तरी अनेक वासांना चेतापेशी ठणठणीत प्रतिसाद देत राहिल्या.

माझे प्रश्न दोन.
१. हमाल नाही, तर ही प्रथिनं करतात काय?
२. परीक्षानळीत एखादं ओबीपी एखाद्या गंधरेणूला चिकटलं की 'या वासाच्या ज्ञानात या प्रथिनाची भूमिका आहे' असा निष्कर्ष कितीतरी प्रबंधांत दिसतो. तो काढता येतो का? नसेल, तर लहान प्रयोगशाळेने काय आणि कोणत्या क्रमाने करावं?

---

दापोलीचा_वारा

उत्तम विषय. वाचणाऱ्यांसाठी आधी एक खुलासा, कारण दरवेळी इथेच गोंधळ होतो. शेतकरी ज्याला फळमाशी म्हणतो ती आंब्यात अंडी घालणारी बॅक्ट्रोसेरा. ती आकाराने घरमाशीच्या जवळपास आणि पूर्ण वेगळ्या कुटुंबातली. धाग्यातली माशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारं, लाल डोळ्यांचं, जेमतेम ३ मिलिमीटरचं चिलट. इंग्रजीत दोघींना एकच नाव असल्यामुळे भाषांतरात घोळ होतो.

वासाचं गणितही वेगळं. कोकण कृषी विद्यापीठाच्या रक्षक सापळ्यात मिथाईल युजेनॉल घालतात, त्याला बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसचे नर येतात. फक्त नर. काकडी-कारल्यावरच्या माशीला क्यू ल्युअर लागतं. चिलटाला या दोन्हींचं सोयरसुतक नाही.

---

निवडुंग

सोनटक्काताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'सगळ्या ओबीपींचं काम एकच' हे गृहीत सोडल्याशिवाय मिळणार नाही. सुरुवात 'लश'पासून करू, कारण हमाल-सिद्धान्ताची सगळी भिस्त या एका प्रथिनावर होती.

लश म्हणजे ओबीपी७६ए. ते ट्रायकॉइड केसांत असतं. १९९८ साली दिसलं की हे जनुक नसलेल्या माश्या तीव्र अल्कोहोलपासून नेहमीसारख्या दूर पळत नाहीत. २००५ मध्ये मोठी गोष्ट कळली. नर चिलटाचं एक फेरोमोन आहे, ११-सिस-व्हॅक्सेनिल अ‍ॅसिटेट, थोडक्यात सीव्हीए. समागमात ते मादीच्या अंगाला लागतं आणि पुढच्या नरांचा प्रणयाराधनाचा उत्साह कमी करतं. ते ओळखणारा ग्राही (रेणू ओळखणारं चेतापेशीवरचं प्रथिन) ओआर६७डी, तो एटी१ या केसातल्या चेतापेशीत असतो. लश नसेल तर ही चेतापेशी सीव्हीएला प्रतिसाद देत नाही, आणि तिची एरवीची आपोआप होणारी टिकटिकही जवळजवळ थांबते. जीवाणूत बनवलेलं लश नोंदणीच्या काचनळीतून केसात सोडलं की प्रतिसाद परत येतो.

२००८ मध्ये पुढचं पाऊल पडलं. सीव्हीए बसल्यावर लशचा आकार बदलतो आणि तो बदललेला आकारच ग्राहीला चेतवतो, अशी मांडणी आली. ११८ व्या जागेवरचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल बदलून अ‍ॅलनिन केलेलं लश सीव्हीए नसतानाही चेतापेशी पेटवतं, असं त्यात दाखवलं होतं. म्हणजे लश नुसता हमाल नव्हे, तर किल्लीचाच एक दात.

२०१३ मध्ये दुसऱ्या गटाने हेच पुन्हा तपासलं. बदललेल्या लशने चेतापेशी पेटली नाही, आणि सीव्हीएची मात्रा पुरेशी असेल तर लशशिवायही ओआर६७डी चेतला. किल्ली सीव्हीएच आहे, लश फार तर ती कुलपापर्यंत पोचायला मदत करतं.

---

लिंबूटिंबू

म्हणजे दारूपासून पळत नाही म्हणून जनुकाचं नाव 'लश', इंग्रजीत दारुडा! 😀 चिलटांच्या जनुकांची नावं ठेवणाऱ्यांना मानलं.

वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

अणुरेणू

निवडुंग, तपशील बरोबर आहेत, पण त्यातून निघणारा सूर मान्य नाही. हमाल-सिद्धान्त मेलेला नाही, त्याचं कार्यक्षेत्र आक्रसलं आहे इतकंच.

तीन मुद्दे.

पहिला, गंधरेणूची जात. एबी८ किंवा एबी३ सारख्या केसांत तपासले जाणारे वास बहुतेक लहान एस्टर, कीटोन, अल्कोहोल. ते पाण्यात थोडेफार विरघळतात, हमालाशिवाय पलीकडे जातात. सीव्हीए लांब साखळीचा, पक्का तेलकट. २०१६ आणि २०१९ चे प्रयोग पहिल्या जातीवरचे आहेत. त्यावरून दुसऱ्या जातीबद्दल निकाल देऊ नये.

दुसरा, रेशीमकिड्याचा पुरावा. बॉम्बिक्स मोरीच्या फेरोमोनबंधक प्रथिनाची रचना २००० साली उलगडली. बॉम्बिकॉल त्याच्या पोटातल्या पोकळीत पूर्ण बंद असतं. सामू घसरला की प्रथिनाच्या शेपटीचा भाग गुंडाळून हेलिक्स होतो, त्या पोकळीत शिरतो आणि बॉम्बिकॉलला बाहेर ढकलतो. चेतापेशीच्या पटलाजवळ सामू कमी असतो या गृहीतावर 'तिथेच माल उतरतो' अशी मांडणी आहे. हे यंत्र इतकं नेमकं आहे की ते निष्काम असेल असं वाटत नाही.

तिसरा, एसएनएमपी१. सीडी३६ कुटुंबातलं हे प्रथिन चेतापेशीच्या पटलावर असतं. ते नसेल तरी सीव्हीएचा प्रतिसाद कोलमडतो. म्हणजे सीव्हीएसाठी लसिकेत लश, पटलावर एसएनएमपी१, मग ओआर६७डी आणि त्याचा जोडीदार सहग्राही ऑर्को, अशी साखळी आहे. केळ्याच्या वासाला एवढा लवाजमा लागत नाही.

---

निवडुंग

अणुरेणू, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. दुसऱ्यावर एवढंच म्हणतो: पतंगाचं चिलटाला लावताना जपून. लशची शेपटी बॉम्बिक्सच्या प्रथिनाइतकी लांब नाही, त्यामुळे पोकळीत शिरणारं हेलिक्स तिथे बनत नाही. माल उतरवण्याची तीच यंत्रणा चिलटात आहे असं धरून चालता येणार नाही.

---

शिंपला

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. बंधन-चाचणीला वाईट म्हणायचं कारण नाही, पण ती नीट करणं लोक समजतात तितकं सोपं नाही. निम्म्या चुका प्रथिन बनवतानाच होतात.

ओबीपीत सहा सिस्टीन असतात आणि त्यांच्या तीन जोड्या ठरलेल्या आहेत: १-३, २-५, ४-६. साध्या ई. कोलायच्या पेशीरसात क्षपणकारी वातावरण असतं, तिथे या जोड्या बनतच नाहीत किंवा चुकीच्या बनतात. त्यामुळे:

• क्लोनिंगच्या वेळी सुरुवातीचा संकेत-पेप्टाइड (साधारण २० अमिनो आम्लं) वगळा. तो ठेवला तर प्रथिनाची गुठळी नक्की.
• पेलबी संकेत लावून प्रथिन पेरिप्लाझममध्ये पाठवा, किंवा शफलसारखा जोड्या बनू देणारा जीवाणू वापरा. ०.१ ते ०.५ मिलिमोलर आयपीटीजी, १८ ते २० अंश, रात्रभर. ३७ अंशांची घाई करू नका.
• गुठळीतूनच काढायचं असेल तर ६ ते ८ मोलर युरिया आणि डीटीटीत उलगडा, मग ग्लुटाथायोनच्या क्षपित-ऑक्सिडित मिश्रणात हळूहळू घडी घालू द्या.
• जोड्या झाल्या का, हे वस्तुमान-वर्णपटावर पाहा. तीन जोड्या म्हणजे सहा हायड्रोजन कमी, वजन हिशेबापेक्षा ६ डाल्टननी कमी यायला हवं. ही तपासणी वगळलेली कितीतरी निरीक्षणं निरुपयोगी असतात. अर्थात वजनावरून जोड्या झाल्या एवढंच कळतं, बरोबर झाल्या का ते पेप्टाइड तोडूनच कळतं.
• हिस्टिडीनची शेपटी कापून टाका. १४ किलोडाल्टनच्या प्रथिनाला ती लहान नाही.
• मेद काढा. जीवाणूतली मेदाम्लं या पोकळीत आधीच ठाण मांडून बसलेली असतात. सामू ४ ते ४.५ ला आणून लिपिडेक्स स्तंभातून काढा आणि मग सामू पूर्ववत करा.

आता चाचणी. १-एनपीएन हा रंजक पाण्यात जेमतेम चमकतो, पोकळीत बसला की जोरात चमकतो. ३३७ नॅनोमीटरला उत्तेजन द्यायचं. मोकळ्या रंजकाचा शिखरबिंदू ४६० च्या पुढे असतो, बांधला गेला की ४०० ते ४१० च्या आसपास सरकतो. प्रथिन २ मायक्रोमोलर, ५० मिलिमोलर ट्रिस, सामू ७.४. एनपीएनचा १ मिलिमोलर साठा मिथेनॉलमध्ये करा आणि २ पासून १६ मायक्रोमोलरपर्यंत पायरीपायरीने घाला. यातून एनपीएनचा विघटनांक (जितका लहान तितकं बंधन घट्ट) मिळतो. नंतर २ मायक्रोमोलर प्रथिन आणि २ मायक्रोमोलर एनपीएन एकत्र ठेवून गंधरेणू वाढवत न्यायचा आणि चमक निम्मी कधी होते ते पाहायचं. ती तीव्रता थेट विघटनांक म्हणून छापू नका. तिला (१ + मुक्त एनपीएन ÷ एनपीएनचा विघटनांक) ने भागा.

कुठे फसतं: लांब साखळीची मेदाम्लं आणि अल्कोहोलं काही मायक्रोमोलरच्या पुढे स्वतःच्याच मायसेल्स (रेणूंचे बारीक गोळे) बनवतात. एनपीएन त्यात शिरतो आणि चमकतो. प्रथिन न घातलेली जोडनळी प्रत्येक मात्रेला हवीच. मिथेनॉल एकूण १ ते २ टक्क्यांच्या आत ठेवा. आणि चमक निम्म्याच्या खाली गेलीच नाही तर विघटनांक देऊ नका, 'बंधन क्षीण' एवढंच लिहा.

एवढं सगळं चोख केलं तरी उत्तर एवढंच: हा रेणू या पोकळीत मावतो. माशीला त्याचा वास येतो की नाही, हे त्यातून कळत नाही.

---

लिंबूटिंबू

शिंपला, मेद काढायची पायरी वगळली तर आकडा कुठल्या बाजूला चुकतो?

---

शिंपला

बहुतेकदा बंधन आहे त्यापेक्षा कमकुवत दिसतं, कारण निम्म्या पोकळ्या आधीच भरलेल्या. सगळ्यात वाईट म्हणजे दर खेपेच्या प्रथिनात भरलेल्या पोकळ्यांचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे आकडे जुळत नाहीत आणि दोष यंत्राला दिला जातो.

---

कुंदा

सगळे शृंगिकेतच अडकले आहेत. ओबीपी पायाच्या आणि सोंडेच्या चव-केसांतही असतात, आणि चिलटातले सगळ्यात स्पष्ट पुरावे माझ्या मते तिथलेच आहेत.

ओबीपी४९ए घ्या, २०१३ चं काम. साखरेत कडू पदार्थ मिसळला की माशी कमी पिते. यातला काही भाग कडू ओळखणाऱ्या चेतापेशीचा, काही भाग गोड चेतापेशी दबल्याचा. साहाय्यक पेशी ओबीपी४९ए बनवतात. ते कडू रेणू धरतं आणि गोड चेतापेशीवरच्या जीआर६४ए या ग्राहीपर्यंत जाऊन तिला दाबतं. हे जनुक नसेल तर गोड चेतापेशी दबत नाही आणि माशी कडू-गोड मिश्रण जास्त पिते. साधी साखर किंवा साधं कडू दिलं तर फरक नाही. इथे प्रथिन माल पोचवतं खरं, पण दुसऱ्याच दारात आणि प्रतिसाद वाढवण्याऐवजी दाबण्यासाठी.

दुसरं उदाहरण ओबीपी५७डी आणि ५७ई. सेशेल्स बेटांवर ड्रोसोफिला सेशेलिया नावाची चुलतबहीण नोनीच्या फळावर जगते. नोनीतली हेक्झॅनॉइक आणि ऑक्टॅनॉइक आम्लं इतर चिलटांना विषारी, हिला मात्र हवीशी. मेलानोगास्टरमधून ही दोन जनुकं काढली तर या आम्लांबद्दलचं वागणं बदलतं. त्या जागी सेशेलियाची जनुकं बसवली तर अंडी कुठे घालायची ही पसंतीसुद्धा हलते (२००७). अर्थात हा बदल एकट्या ओबीपींचा नाही. सेशेलियात ओआर२२ए आणि आयआर७५बी हे ग्राहीही बदललेले आहेत.

---

दापोलीचा_वारा

नोनी म्हणजे आपली बारतोंडी! पिकलेल्या फळाचा कुबट चीजसारखा दर्प ज्याने घेतला आहे त्याला ही आम्लं वेगळी समजवायला नकोत.

कुंदाताई, थोडं अवांतर. स्वयंपाकघरात चिलटांसाठी पांढरं व्हिनेगर ठेवतात आणि एकही चिलट पडत नाही. यामागे ग्राही आहेत की नुसता नशिबाचा भाग?

---

कुंदा

ग्राहीच. सफरचंदाच्या व्हिनेगरला माशी मुख्यतः ओआर४२बी आणि ओआर९२ए मुळे ओढली जाते. हे दोन्ही आंबण्यातून तयार होणाऱ्या एस्टर-कीटोनसारख्या रेणूंना चेततात. बाजारातलं पांढरं कृत्रिम व्हिनेगर म्हणजे जवळजवळ नुसतं अ‍ॅसेटिक आम्ल आणि पाणी. त्यात हे रेणू नाहीतच, उलट नुसत्या आम्लाच्या वाफेला आयआर६४ए च्या वाटेने नकार मिळतो.

दुसरी चूक मात्रेची. व्हिनेगरचा वास फार तीव्र झाला की ओआर८५ए चेततो आणि ओढ कमी होते (२००९). तेव्हा 'जितकं कडक तितकं बरं' हे इथे चालत नाही.

कृती: सफरचंदाचं व्हिनेगर अर्धी वाटी, तेवढंच पाणी, अतिपिकल्या केळ्याचा एक तुकडा, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. साबणाने पृष्ठताण मोडतो आणि माशी वर तरंगत नाही, बुडते. वर कागदाचं नरसाळं, भोक पेन्सिलीएवढं. दर दोन-तीन दिवसांनी बदला. त्यावर बुरशी धरली तर जिओस्मिन सुटतं, आणि जिओस्मिनसाठी या माशीकडे ओआर५६ए हा एकनिष्ठ ग्राही आहे. त्याच्या इशाऱ्यावर माशी फिरकतच नाही.

---

मृगजळ

कुंदाताईंनी एवढे आकडे टाकले म्हणून, नव्या वाचकांसाठी: ओआर२२ए मधला '२२' हा अनुक्रमांक नाही, पत्ता आहे. चिलटाच्या लाळग्रंथीतल्या जाड गुणसूत्रांवर १ ते १०२ असे विभाग पाडलेले आहेत. १ ते २० एक्स गुणसूत्र, २१ ते ६० दुसरं, ६१ ते १०० तिसरं, १०१-१०२ चौथं. त्यामुळे जीआर५ए एक्सवर आहे आणि ओबीपी७६ए (लश) तिसऱ्यावर, हे नुसत्या नावावरून कळतं. संकर आखताना याचा फार उपयोग होतो.

आणि या विषयात मुंबईचा हिस्सा विसरू नये. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास आणि चव बिघडलेल्या चिलटांचे म्युटंट शोधले, त्यावरचा त्यांचा लेख १९७८ चा. चिलटातले वासाचे ग्राही सापडले १९९९ मध्ये. म्हणजे ग्राही हाती येण्याच्या वीसेक वर्षं आधी, नुसत्या वागणुकीवरून माश्या निवडून जनुकापर्यंत जायची वाट तिथे पाडली जात होती. मराठीत हे फारसं लिहिलं गेलेलं नाही याचं वाईट वाटतं.

---

लिंबूटिंबू

मृगजळ, +१. यावर वेगळा धागा काढाच.

---

संपादक मंडळ

व्हिनेगर-सापळ्यावरचे पुढचे प्रतिसाद पाककृती विभागात नव्हे, 'घर-बाग' विभागात हलवले आहेत. 🙂 इथे मूळ विषय चालू ठेवावा ही विनंती.

---

सोनटक्का

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हळूहळू आकार घेतंय. दुसऱ्याचा उरलेला अर्धा भाग राहिला आहे: बंधन-चाचणीच्या पुढे काय? महागडी विद्युत-नोंदणी नसलेल्या ठिकाणी चवीवरून तरी काही करता येईल का?

---

कुंदा

येईल. दोन चाचण्या, दोन्ही स्वस्त.

पहिली, दोन रंगांची. ६० खळग्यांच्या ताटलीत १ टक्का अगारमध्ये आलटूनपालटून दोन पर्याय भरा: १ मिलिमोलर साखर एका रंगात, ५ मिलिमोलर साखर अधिक कडू पदार्थ दुसऱ्या रंगात. निळ्यासाठी ब्रिलियंट ब्ल्यू ०.१२५, लालसाठी सल्फोऱ्होडामाइन बी ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. दिवसभर उपाशी ठेवलेल्या ५० ते ७० माश्या, ९० मिनिटं, पूर्ण अंधार. मग गोठवून पोटाचा रंग मोजा. जांभळं पोट अर्धं-अर्धं धरा. रंगांची अदलाबदल करून पुन्हा करा, नाहीतर रंगाची चव तुम्ही कडू पदार्थाची चव म्हणून छापाल. निम्म्याहून कमी माश्यांनी खाल्लं असेल तर ती ताटली बाद.

दुसरी, सोंड बाहेर काढण्याची. १८ ते २४ तास ओल्या कागदावर उपाशी ठेवा, कोरड्यावर नको, तहानेने मरतील. पिपेटच्या टोकात किंवा काचपट्टीवर डिंकाने पाठ चिकटवा, सोंड आणि पुढचे पाय मोकळे. दमट डब्यात तास-दोन तास सावरू द्या. मग आधी पोटभर पाणी पाजा. पाण्याला सोंड निघणं थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण तहान आणि गोडी यांचा प्रतिसाद दिसायला सारखाच. त्यानंतर साखर कमी मात्रेकडून जास्तीकडे, मध्ये प्रत्येक वेळी पाणी. मिश्रणासाठी १०० मिलिमोलर साखरेत १० मिलिमोलर कॅफीन ही चांगली सुरुवात. शेवटी ५०० मिलिमोलर साखरेलाही सोंड न काढणारी माशी मोजणीतून वगळा. साखरेची वात दर काही मिनिटांनी बदला. पंख्याखाली पाणी उडतं आणि १०० ची १३० कधी होते ते कळत नाही.

ओबीपी४९ए सारखा दोष फक्त मिश्रणात दिसतो, म्हणून साखर, कडू आणि मिश्रण असे तिन्ही हवेत.

---

निवडुंग

वासासाठी मात्र एका केसाची विद्युत-नोंदणी टाळता येत नाही. वर्तन-चाचणीत मेंदू, भूक, चालण्याची ताकद सगळं मिसळतं. ओबीपीचा परिणाम असला तरी अनेकदा बारीक असतो, तो तिथे बुडून जातो.

माशी २०० मायक्रोलिटरच्या पिपेट-टोकात ढकला, डोकं अर्धं बाहेर. शृंगिका काचेच्या काडीने आवरणकाचेवर दाबून धरा. टंगस्टनची तार सोडियम नायट्राइटच्या द्रावणात विद्युतप्रवाह देऊन टोकदार करा. संदर्भ-तार डोळ्यात, दुसरी केसाच्या बुडाशी. हवा ओलसर हवी, नाहीतर दहा मिनिटांत केस सुकतो. वास अर्ध्या सेकंदाचा.

आधी केस ओळखा, मग प्रयोग. कार्बन डायऑक्साइडला चेतापेशी पेटली तर एबी१ (तिथे जीआर२१ए आणि जीआर६३ए), मिथाईल अ‍ॅसिटेटला जोरात तर एबी२, इथाईल हेक्झानोएटला तर एबी३. ही पायरी गाळली की दोन वेगळ्या केसांची तुलना म्युटंटच्या नावावर खपते.

सीव्हीएची स्वतंत्र अडचण आहे. ते फारसं उडतच नाही. केळ्याच्या एस्टरसारखं दुरून फुंकलं तर शृंगिकेपर्यंत काही पोचत नाही आणि 'प्रतिसाद नाही' अशी खोटी नोंद होते. कागदाची नळी शृंगिकेच्या अगदी जवळ आणा. जंगली (जनुक शाबूत असलेल्या) माशीत प्रतिसाद दिसल्याशिवाय म्युटंटला हात लावू नका.

ऑर्को नसलेली माशी नियंत्रण म्हणून जरूर ठेवा. ऑर्को नसेल तर ओआर ग्राही डेंड्राइटपर्यंत पोचतच नाहीत आणि त्यांचे वास बंद होतात. आम्ल, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड मात्र चालू राहतात, कारण ते आयआर आणि जीआर या वेगळ्या ग्राही-कुटुंबांचे. तिथेही सगळं शांत दिसलं तर दोष तुमच्या हवेच्या नळीत आहे.

आणि जनुकीय पार्श्वभूमी. म्युटंट आणि नियंत्रण दोघांना एकाच डब्ल्यू१११८ (प्रयोगशाळेतला प्रमाण वाण) पार्श्वभूमीत किमान पाच-सहा पिढ्या आणून मगच तुलना करा. ओबीपीवरच्या जुन्या वादांतला बराच धूर याच चुलीतला आहे. आरएनएआयवर (जनुक न काढता त्याचा आरएनए घटवण्याच्या तंत्रावर) एकट्यावर विसंबू नका. ही प्रथिनं इतकी मुबलक की ९० टक्के घटली तरी उरलेली १० टक्के पुरून उरतात. जनुक क्रिस्परने पूर्ण काढा आणि नंतर ते परत घालून प्रतिसाद येतो का पाहा.

---

अणुरेणू

निवडुंग, शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत.

सोनटक्काताईंच्या पहिल्या प्रश्नात मला आणखी दोन कामं जोडायची आहेत. ओबीपी८३ए आणि ८३बी नसलेल्या माशीत काही ठरावीक वासांना प्रतिसाद सुरू वेळेवर होतो, पण बंद व्हायला वेळ लागतो (२०१९). म्हणजे माल आणण्याऐवजी वापरलेला माल उचलून नेणारं प्रथिन. उडत्या माशीसाठी हे क्षुल्लक नाही. वासाचा झोत तुटक असतो, एक झुळूक संपली हे कळल्याशिवाय दुसरी आली हे कळणार कसं? ओबीपी२८ए काढल्यावर प्रतिसाद वाढला, तोही या बाजूने वाचता येतो: भरपूर प्रथिन अचानक आलेला लोंढा शोषून घेतं.

आणि ओबीपी५९ए तर वासाचंही नाही आणि चवीचंही नाही. ते नसेल तर माशीला हवेतला दमटपणा नीट कळत नाही (२०१८). नावात 'गंध' आहे म्हणून काम गंधाचंच असेल असं धरलं, ही या कुटुंबाबद्दलची जुनी चूक.

---

सोनटक्का

म्हणजे लश फेरोमोनसाठी, ४९ए कडू-गोडाच्या मिश्रणासाठी, ८३ए-बी वास आवरण्यासाठी, ५९ए दमटपणासाठी. मग माझा प्रश्नच चुकीचा विचारला होता. 'ओबीपी काय करतात' ऐवजी 'हे ओबीपी, या केसात, या रेणूसाठी काय करतं' असं विचारायला हवं होतं.

एक छोटी शंका उरली. लश काचनळीतून केसात सोडून प्रतिसाद परत आणण्याचा प्रयोग दुसऱ्या ओबीपीसाठी करायचा तर नियंत्रण काय ठेवावं?

---

शिंपला

तीन नळ्या. एकीत तुमचं ओबीपी. दुसरीत तेवढ्याच मात्रेचं दुसरं ओबीपी, त्याच पद्धतीने बनवलेलं आणि मेद काढलेलं. तिसरीत नुसतं द्रावण, पण प्रथिनाच्या शेवटच्या डायलिसिसमधून उरलेलं तेच, नवीन बनवलेलं नव्हे. नव्या द्रावणात मिठाची मात्रा किंचित जरी वेगळी असली तरी चेतापेशीची टिकटिक बदलते आणि ती प्रथिनाची करामत वाटते. नळीत भरण्याआधी तिन्हींचा सामू आणि परासरण मोजून घ्या.

---

निवडुंग

आणि नळी भरणाऱ्याला कोणत्या नळीत काय आहे ते सांगू नका. ही नोंदणी हाताची आहे, डोळा आपल्याला हवं तेच मोजतो.